आडेभाऊंचा भुताचा पिच्चर

महागाव तालुक्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जी लग्नं झाली, त्यातली बरीचशी देविदास आडे यांच्या परवानगीनं झाली. मुलगी बाप द्यायचा, मुहूर्त भटजी काढायचे, पण हार गळ्यात कधी पडायचा हे आडेभाऊ ठरवायचे. नवरदेव हार घेऊन पुढं झुकला की "थांबा" असा आवाज यायचा आणि अख्खा मांडव जागच्या जागी थिजायचा. आडेभाऊ खांद्यावर कॅमेरा घेऊन उजवीकडून डावीकडे जायचे, मध्ये आलेल्या एखाद्या मामाला दंडाला धरून बाजूला उभं करायचे, मांडवाचा पडदा सारखा करायचे आणि मग म्हणायचे, "हं, घाला आता."

एकदा मंगलाष्टकांच्या शेवटच्या 'सावधान'ला त्यांची बॅटरी संपली. त्यांनी भटजींना शेवटचं कडवं पुन्हा म्हणायला लावलं आणि वऱ्हाडाला पुन्हा अक्षता वाटल्या. पुढं त्या जोडप्याचं पटेना, तेव्हा मुलीचा बाप दुकानावर भांडायला आला, की दोनदा लग्न लावल्यामुळं गाठ सुटली. आडेभाऊंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, की दोनदा बांधलेली गाठ उलट घट्ट होते, तुम्ही पोरगाच नीट पाहून घेतला नाही.

मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचो आणि त्यांच्या 'पूनम व्हिडिओ शूटिंग' या दुकानाच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. त्यामुळं त्यांचं दर्शन मला रोज घडायचं. ठेंगणी, गोलसर मूर्ती. मे महिन्यातसुद्धा अंगात दहा-बारा खिशांचं जॅकेट. त्या खिशांत बॅटऱ्या असायच्या, तशाच सेफ्टी पिना, कुंकवाची डबी, पोटदुखीच्या गोळ्या आणि जानव्याचा जोडही असायचा. स्वतः तांड्यावरचे बंजारा, पण कोणाच्याही लग्नात ऐन वेळी काय हरवतं हे त्यांना घरच्या माणसापेक्षा जास्त माहीत. त्यांचा एक सिद्धांत होता. ज्याचा चेहरा कॅसेटीत दिसत नाही, तो माणूस लग्नाला आलाच नव्हता आणि पुढं जन्मभर येणारही नाही. म्हणून ते पंगतीत पानापानावर कॅमेरा फिरवायचे. कॅमेरा समोर आला की माणसं घास हातात धरून ताठ बसायची, तो पुढं गेला की जेवायची.

नवरीसाठी त्यांचं एकच वाक्य होतं. "ताई, थोडं हसा." हळदीत, सप्तपदीत, कन्यादानात, सगळीकडं हेच. नवरीही बिचारी हसायची. नुसती पाठवणी तेवढी त्यांच्या हातात नव्हती. तिथं नवऱ्या ऐकायच्या नाहीत. मोठ्यानं रडायच्या, आयांच्या गळ्यात पडायच्या. आडेभाऊ तेही शूट करायचे, पण एडिटिंगला बसले की आवाज बंद करून वरून सनईचं गाणं टाकायचे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "वरपक्षाले रडणं चालत नाही, सर. पाव्हणे घरी टीव्हीवर पाह्यतात. त्यायले वाटते, आपण पोरगी आणली का पळवली."

वरपक्ष या प्राण्याची त्यांना मनापासून भीती वाटायची. भुताची मात्र अजिबात नाही. फावल्या वेळात ते मोबाइलवर भुताचे पिच्चर पाहायचे, गुळाची दशमी खात खात. त्यांचं म्हणणं असं, की भुताची एकच इच्छा राहिलेली असते, ती पुरी केली की ते जातं. वरपक्षाची एक इच्छा पुरी केली की दुसरी निघते.

या पिच्चरांतूनच त्यांच्या डोक्यात आपला स्वतःचा पिच्चर शिरला. एका संध्याकाळी ते वर माझ्या खोलीत आले आणि कॉटवर मांडी घालून बसले. म्हणाले, "लग्नाच्या शूटिंगमंधी अन् भुताच्या पिच्चरमंधी फरक नाही, सर. दोन्हीकडं एक बाई दारात उभी राह्यते अन् घरातले इचार करून राह्यते, हिले आत घ्याव का नाही." मी हसलो. ते हसले नव्हते. मग त्यांनी गोष्ट सांगितली.

गोष्ट साधी होती. किसन नावाच्या पोराचं सुमन नावाच्या मुलीवर प्रेम. ती याच्याकडं ढुंकून पाहत नाही. हा जंगलातल्या एका मोहाच्या झाडाला धागा बांधतो आणि नवस बोलतो, की हिनं माझ्यावर असं प्रेम करावं की माझ्याशिवाय तिला काही दिसू नये. झाड ऐकतं. दुसऱ्या दिवशी सुमन याच्या दारात हजर. ती जेवत नाही, निजत नाही, माहेरचं नाव काढत नाही, पापणी न हलवता याच्याकडं बघत बसते. हा शेतात गेला की ती बांधावर, हा परसाकडं गेला की ती दाराबाहेर. आणि झाडातून रडण्याचा आवाज येतो. शेवटी किसनला कळतं, की घरी आलं आहे ते नुसतं तिचं अंग. मन तिकडं झाडाला बांधलेलं आहे आणि तेच रडतं आहे. पिच्चरचं नाव 'झाडानं ऐकलं'.

खरं सांगतो, मला गोष्ट आवडली. मी मोठ्या हौसेनं संवाद लिहून दिले. 'हे वृक्षराज, माझी विनवणी ऐक' असं काहीसं होतं. त्यातला 'हे' तेवढा पिच्चरमध्ये राहिला.

आता निर्माता पाहिजे होता. तो प्रल्हादराव राठोड यांच्या रूपानं मिळाला. खताबियाणांचं मोठं दुकान, पुसदला बंगला, पंचक्रोशीत शब्दाला मान. त्यांची अट एकच, की हिरो म्हणून आमचा विक्की घ्यायचा. विक्की वाईट मुलगा नव्हता. दिसायला बरा, बोलायला गोड. त्याला आयुष्यात कधी कोणी नाही म्हटलं नव्हतं, एवढंच. हिरोइनचं मात्र जमेना. भुताच्या पिच्चरमध्ये काम केलं तर पोरीचं लग्न कसं जमेल, असं म्हणून प्रत्येक बापानं हात वर केले. शेवटी राजूरला कोळशाच्या खाणीत नोकरी करून निवृत्त झालेला शंकर म्हणून एक जण होता, जो तरुणपणी दंडार या लोकनाट्यात बाईची कामं करायचा, त्याला आणला. त्यानं मिशी काढली, नऊवारी नेसली आणि डोक्यावरून पदर असा काही घेतला की दुरून खरंच काळजात धस्स व्हायचं. जवळून वेगळ्या कारणानं व्हायचं.

शूटिंग लग्नाच्या रीतीनंच झालं, कारण आडेभाऊंना दुसरी रीत माहीत नव्हती. भूत दारात येताना वरून कॉम्प्युटरमधल्या गुलाबपाकळ्या पडायच्या. रात्रीचे सगळे प्रसंग भर दुपारी बारा वाजता घेऊन नंतर निळे केले, त्यामुळं पिच्चरभर चांदण्यात शेळ्या चरताना दिसतात. निर्मनुष्य जंगलात नवस बोलण्याच्या प्रसंगाला प्रल्हादरावांचे दोन गाड्या भरून नातेवाईक नव्या कपड्यांत आले आणि विक्कीच्या मागं रांगेत उभे राहिले. कोणालाही निघा म्हणणं शक्य नव्हतं. आडेभाऊंनी तोड काढली, की हे सगळे जंगलातले आत्मे आहेत. त्यावर एक आत्या रुसल्या. त्या पैठणी नेसून आल्या होत्या आणि त्यांना आत्मा व्हायचं नव्हतं. मग सगळ्यांना गावकरी करण्यात आलं. किसन झाडाला म्हणतो, "इथं आपल्या दोघांशिवाय कोणी नाही," आणि मागं तीस-पस्तीस माणसं मान डोलावतात.

याच नवसाच्या प्रसंगातून पुढचं सगळं घडलं. विक्कीनं धागा बांधला, डोळे मिटले आणि जरा जास्तच वेळ मिटून ठेवले. त्याचे ओठ हलले. संध्याकाळी आडेभाऊ कॉम्प्युटरवर तो भाग मोठा करून पाहत होते, आणि त्यांना ओठ वाचता यायचे. इतकी वर्षं लांबून पाव्हण्यांची कुजबुज शूट केल्यावर कोणालाही आलं असतं. विक्की 'सुमन' म्हणत नव्हता. 'पूनम' म्हणत होता.

पूनम ही आडेभाऊंची एकुलती एक मुलगी. एडिटिंगमधलं आवाजाचं सगळं काम अलीकडं तीच पाहायची. कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर पाठ करून बसलेली, इतकी गप्प, की गिऱ्हाइकांना ती तिथं आहे हे कळायचंच नाही. तिला आवाजाचं वेड होतं. माझ्या खोलीत पंखा लागला की खाली बसून ती सांगायची, सर, तुमच्या पंख्याचं बेअरिंग जाणार आहे, आणि ते जायचंच. नागपूरच्या एका स्टुडिओला तिनं आपण केलेलं काम पाठवलं होतं आणि त्यांनी तिला नोकरीवर बोलावलं होतं. पत्र आलं त्याच आठवड्यात प्रल्हादराव स्वतः मागणी घालायला आले.

आडेभाऊंचा आनंद पोटात मावेना. वरपक्षानं मुलीच्या बापाच्या दारात यावं, हे त्यांनी इतक्या लग्नांत कधी पाहिलं नव्हतं. पोरगा जीव टाकतो आहे, नवस बोलला आहे, आणखी काय पाहिजे? पूनम एकदाच नको म्हणाली, तेही हळू. त्यांनी ते ऐकलं आणि सांगितलं, की नोकरी सासरच्यांना विचारून कर, ते काही नाही म्हणायचे नाहीत. साखरपुडा झाला. होळीनंतरची तारीख निघाली. साखरपुड्याचं शूटिंग आडेभाऊंनी दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. मी तिथं होतो. अंगठी घालताना ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, "बेटा, थोडं हस." ती हसली.

दोन दिवसांनी पूनम जिन्यात भेटली. म्हणाली, "सर, तुमी बाबाशी बोलान का? तुमचं ऐकते थे." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. घरमालकाच्या घरच्या भानगडीत भाडेकरूनं पडू नये, असं मी स्वतःला समजावलं आणि वर जाऊन उत्तरपत्रिका तपासत बसलो. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

पिच्चर तयार होत आला तेव्हा प्रल्हादरावांना आणि त्यांच्या चार मित्रांना दुकानात बसवून तो दाखवला. मग प्रल्हादराव म्हणाले, "देविदास, पिच्चर चांगला हाये. पण यात भेव कुठं हाये?" बाकीच्यांनीही तेच म्हटलं. बायको नवऱ्याच्या मागंमागं राहते, त्याच्या आधी जेवत नाही, माहेरी जायचं नाव काढत नाही. एक जण तर म्हणाला, की झाडाचा पत्ता द्या. आडेभाऊंचा चेहरा पडला. शेवटी असं ठरलं, की झाडातलं रडणं भयानक पाहिजे, म्हणजे लोक घाबरतील. पण शंकर रडायला लागला की गाभण म्हैस अडल्यासारखा आवाज यायचा. तीन वेळा रेकॉर्ड केलं, तिन्ही वेळा ऐकणारे हसले. तेव्हा पूनम खुर्ची न फिरवताच म्हणाली, "रडण्याचं मी पाह्यतो, बाबा."

इकडच्या पोरी 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. आडेभाऊंनी मान हलवली आणि ते लग्नांच्या हंगामात बुडून गेले. त्यांच्यात वाटणीच होती, चित्र बापाचं आणि आवाज लेकीचा. तयार कॉपी त्यांनी पाहिली ती घाईत, नुसतं चित्र, तेही शेळ्या जास्त दिसत नाहीत ना एवढ्यासाठी.

लग्नाला दहा दिवस राहिले असताना, मंगल कार्यालयात पिच्चरचा पहिला खेळ ठेवला. पडदा स्टेजवर. डावीकडं बाया, उजवीकडं माणसं, जशी पंगत. संध्याकाळी सगळं गाव लोटलं, कारण पिच्चरमध्ये निम्म्या गावाचा चेहरा होता. पुढच्या कोचावर प्रल्हादराव आणि विक्की. आडेभाऊ मागं प्रोजेक्टरजवळ, जॅकेट इस्त्री केलेलं. त्यांच्या शेजारी त्यांची बायको कमलबाई, आणि तिथंच आवाजाच्या मशीनपाशी पूनम.

पहिला अर्धा भाग मजेत गेला. शंकर दारात आला तेव्हा माणसांच्या बाजूनं शिट्ट्या पडल्या. भूत किसनच्या ताटाला हात न लावता बसून राहिलं, तेव्हा कोणी तरी मोठ्यानं आपल्या बायकोला म्हणालं, शिक काही. बाया मात्र हसत नव्हत्या. मला वाटलं, त्यांना आवडला नाही.

मग झाड आलं आणि रडणं सुरू झालं. संगीत नाही, सनई नाही. आधी एकच बाई लांबून हुंदके देते आहे. मग दुसरी. मग कोणी तरी मावशीला हाक मारते, कोणी म्हणते की मला दोन दिवस राहू द्या, दोनच दिवस. बंजाऱ्यांच्या तांड्यावर नवरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून गात गात रडते, त्याला ढावलो म्हणतात. तो पाठ करून म्हणायचा नसतो, जिचं तिनं आपल्या शब्दांत रडायचं असतं. तसे ढावलोही त्यात होते. आवाजावर आवाज चढत गेला आणि सगळं कार्यालय भरून गेलं. माणसांच्या बाजूनं पहिल्यांदा कोणी हसलं नाही.

बायांमधून अंगणवाडीच्या सुनीताताई उठून उभ्या राहिल्या. पडद्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे मी हाये. मी माह्या मावशीले हाक मारून राह्यली." त्यांच्या मागची एक उठली, म्हणाली की दोन दिवस मागणारी मी. मग कोणी उठून, कोणी बसल्याबसल्या आपापला आवाज ओळखायला लागली. कोणी शेजारणीला गप्प करत होती, की थांब, आता माझा येईल. काही रडत होत्या, काही चक्क हसत होत्या, आणि पडद्यावर विक्की झाडाभोवती घाबरून पळत होता, पण त्याच्याकडं पाहायला कोणाला वेळ नव्हता.

आडेभाऊंनी कधी काही पुसलं नव्हतं. पाठवणीचा जो आवाज त्यांनी पंचवीस वर्षं सनईखाली दाबला होता, तो सगळा कपाटातल्या कॅसेटींत आणि हार्डडिस्कांत तसाच पडून होता, वर नवरीचं नाव लिहून. पूनमनं तो काढला होता.

प्रल्हादराव उठून ओरडले, की बंद करा हे. बायांच्या बाजूनं एकाच वेळी आवाज आला, "चालू ठेवा." त्यात माझ्या ओळखीच्या साध्यासुध्या, दळण टाकायला जाताना पदर सावरणाऱ्या बाया होत्या. पूनमनं चालू ठेवलं.

तेवढ्यात कमलबाईंनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. त्या घरी बंजाऱ्यांच्या गोर बोलीतच बोलायच्या, आणि इतकी वर्षं खालीवर राहून मला ती कळायला लागली होती. एक अगदी बारीक, जुना, खरखरता ढावलो चालू होता. त्या म्हणाल्या, हा माझा. आडेभाऊ ज्यांच्याकडं शूटिंग शिकले त्या पुसदच्या उस्तादांनी त्यांचं लग्न शूट केलं होतं, तीच कॅसेट. आडेभाऊ बायकोकडं बघत राहिले. "तू रडलती?" त्यांनी विचारलं. कमलबाई म्हणाल्या, तुम्ही तेव्हा उस्तादांचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा आहे ते पाहत होतात.

हे त्या चिडून म्हणाल्या नाहीत. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा म्हणाल्या.

आडेभाऊ पूनमकडं वळले. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एरवी मांडव थांबवणारा त्यांचा आवाज पार खाली गेला होता. "यात तुहाही आवाज हाये का, बेटा?"

"माहा अजून व्हायचा हाये, बाबा," ती म्हणाली. "तारीख तुमीच त काढली."

पिच्चर संपला. दिवे लागले. आडेभाऊंच्या पिच्चरमध्ये भीती कुठं आहे, हे मला तेव्हा त्यांच्या तोंडाकडं पाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जॅकेट न घालता प्रल्हादरावांच्या पुसदच्या बंगल्यावर गेले. त्यांनी मला सोबत नेलं. का नेलं कोणास ठाऊक, मी तिथंही काही बोललो नाही. प्रल्हादरावांना वाटलं, माफी मागायला आले. त्यांनी पाणी मागवलं, म्हणाले की बायामाणसांचं मनावर घेऊ नको, रडणं काढून टाक, पिच्चर चालेल. आडेभाऊ म्हणाले, पिच्चर तुमचा, ठेवा. पोरीचं लग्न तेवढं राहू द्या.

प्रल्हादराव आधी समजुतीनं बोलले, मग आवाज चढवून. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पत्रिका वाटून झाल्या, असं सगळं झालं. शेवटी म्हणाले, "अरे, पोरगा जीव टाकून राह्यला तिच्यावर. नवस बोलला थो. याच्यापेक्षा काय पाह्यजे तुले?"

"पिच्चरमंधीही थो तेच करून राह्यलता," आडेभाऊ म्हणाले. "तिले काय पाह्यजे, हे मी अन् झाडानं, दोघायनंबी इचारलं नाही."

विक्की दारात उभा होता. मला वाटतं, त्या पिच्चरमध्ये काम केलेल्या लोकांत गोष्ट कळलेला तो एकटाच होता, पण कळल्याचं काय करायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

'झाडानं ऐकलं' पुन्हा कुठं दाखवला गेला नाही. आडेभाऊंकडं लग्नांची कामं येईनाशी झाली. नवरी मुलींचं रडणं भुताला देणारा माणूस मांडवात कशाला, असं वरपक्ष म्हणायचा, आणि वधूपक्ष नेहमीप्रमाणं वरपक्ष म्हणेल ते म्हणायचा. पण त्याच उन्हाळ्यात दुकानात एक नवीनच गिऱ्हाईक सुरू झालं. दुपारच्या वेळी, गडी माणसं शेतात किंवा बाजारात असताना, एकेक बाई यायची. इकडतिकडच्या गोष्टी करायची, पासपोर्ट फोटोचं विचारायची, मग हळूच पदराखालून पेन ड्राइव्ह काढायची किंवा मोबाइल पुढं करायची. "माहं रडणं देता का, भाऊ?"

आडेभाऊ नाव विचारायचे, लग्नाचं साल विचारायचे, कपाट उघडायचे. हेडफोन त्या बाईच्या कानाला लावून स्वतः बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहायचे. मी एकदा वरून पाहिलं. आत एक पन्नाशीची बाई डोळे मिटून ऐकत होती आणि ओट्यावर आडेभाऊ रस्त्याकडं तोंड करून, कोणी आत येऊ नये म्हणून दार अडवून उभे होते. शूटिंग सोडून त्यांना इतक्या गंभीरपणे काही करताना मी आधी पाहिलं नव्हतं.

मीही त्याच वर्षी नोकरी बदलून अमरावतीला आलो. दोन हिवाळे गेले आणि एका सकाळी पूनमचा नागपूरहून फोन आला, की बाबा झोपेतच गेले. फोन ठेवल्यावर माझ्या डोळ्यांपुढं ते दुकानातले आडेभाऊ आले नाहीत. मी महागाव सोडण्याआधीच्या आठवड्यात ते बसस्टँडवर दिसले होते, ते आले.

पूनम नागपूरला नोकरीवर निघाली होती. आडेभाऊंनी तिची ट्रंक स्वतः उचलून आणली होती. कमलबाईंनी घरून निघताना तिची ओटी भरली होती आणि कपाळाला मोठं कुंकू लावलं होतं, कारण लेक घरातून निघताना काय करायचं असतं, याची त्यांना एवढी एकच रीत ठाऊक होती. बस लागली. पूनम चढली. आडेभाऊ तिच्या मागं चढले, ट्रंक सीटखाली सरकवली, पुन्हा काढली, पुन्हा सरकवली. आणि मग भर बसमध्ये, माणसांसमोर, तोंडावर रुमाल न धरता ते रडायला लागले. पूनमही रडत होती आणि रडतारडता बापाला हसत होती.

मी खाली उभा होतो त्याच खिडकीशी एक म्हातारी बसली होती. तिनं कुंकू पाहिलं, ओटीतला नारळ पाहिला, रडणारा बाप पाहिला. तिनं मायेनं विचारलं, "कोणाच्या घरी दिली, बापू, पोरगी?"

आडेभाऊंनी बाहीनं डोळे पुसले.

"कोणाच्याच घरी नाही दिली, मावशी," ते म्हणाले. "थे तिची तीच चालली."

म्हातारीनं पूनमकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिकडं सरकून तिला खिडकीची जागा दिली.